अण्णांसमोर कधी ओढली नाही

मी पस्तीस वर्षं बिडी ओढली, पण माझ्या थोरल्या भावासमोर एकदाही ओढली नाही. आमच्याकडं रीतच आहे तशी. थोरला येताना दिसला की धाकट्यानं बिडी मुठीत दडवायची, तळहात भाजला तरी हूं का चूं करायचं नाही, आणि "या अण्णा" म्हणायचं. थोरल्यानंही धूर दिसला तरी न दिसल्यासारखं करायचं. आमचे अण्णा तर कोपऱ्यावरूनच खाकरत यायचे, मला विझवायला सवड मिळावी म्हणून. ते स्वतः माझ्या दुप्पट ओढायचे. पण मी समोर असलो की तेही पेटवत नसत, उगं धाकट्याला तलफ कशाला आणायची? एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन आम्ही एकमेकांना बिडी ओढताना कधी बघितलं नाही. भाऊ असावेत तर असे, म्हणून लोक कौतुक करायचे आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

आमचं गाव उमरगा तालुक्यातल्या मुरूमपासून सायकलवर जाण्याइतकं. घरात मराठी, पाहुणे आले की कन्नड, भांडण लागलं की दोन्ही. शेती अण्णांकडं, पिठाची गिरणी माझ्याकडं. दिवसभर मोटारीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळं माझं साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते भांडणच असतं.

चार वर्षांमागं अण्णांची डावी पोटरी धरायला लागली. शेताकडं निघाले की मारुतीच्या देवळापाशी थांबायचे, पाय चोळायचे, मग पुढं जायचे. हळूहळू पन्नास पावलांत थांबायला लागले. पायाची बोटं गार पडायची. उमरग्याच्या डॉक्टरनं पाय हातात घेऊन बराच वेळ नाडी चाचपली.

"बिडीनं पायाच्या नसा बंद व्हायल्यात," तो म्हणाला. "आज सोडली तर पाय राहील. नाही सोडली तर आधी बोटं जातील, मग पंजा, मग वर वर. मी भीती घालत नाही, होतं तेच सांगतोय."

अण्णा डॉक्टरकडं बघत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. थोरल्याच्या बिडीची गोष्ट धाकट्यानं ऐकायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परत येताना एसटीत आम्ही सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोललो. बिडीचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही काढलं नाही.

दोन दिवसांनी वहिनी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आल्या आणि मोटार बंद करायला लावली.

"भाऊजी, तुमी सोडा."

"काय सोडू?"

"अगं बया! काय म्हणं. बिडी सोडा. ह्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हणत्यात, धाकटा रोज बंडल संपवतो, त्याला कोण बोलत न्हाय, समदे मलाच शिकवत्यात. तुमी सोडलासा तर त्यांना बोलायला तोंड ऱ्हाणार न्हाय." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. "पाय वाचवा वो त्यांचा. मी तुमच्या पाया पडते."

वहिनी माझ्याहून मोठ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्यांच्या हातचं खाऊन वाढलो. त्या खाली वाकायला लागल्यावर मी काय बोलणार? म्हटलं, "सोडली समजा."

त्याच महिन्यात गावात बिडी-तंबाखू सोडवायची बैठक सुरू झाली होती. दर मंगळवारी, समाजमंदिरात. आरोग्य केंद्रातर्फे आमची आशाताई ती चालवायची. आशाताई म्हणजे गावचीच सून, घरोघर फिरून बाळंतिणी, लसी, गोळ्या बघणारी. मला मामा म्हणते. तिच्याकडं एक वही होती, तलफ आली की चघळायच्या गोळ्या होत्या, आणि महिन्यातून एकदा उमरग्याहून एक समजूत घालणारे साहेब यायचे. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "सोडल्यावर पुन्हा एखांदी ओढली जाती. त्यात लाजायचं काय न्हाय. ओढली तर ओढली म्हणून मला येऊन सांगा, आपण पुन्हा पयल्यापासून सुरू करू. लपवू नका, एवढंच माझं मागणं हाय."

झालं, माझं टाळकं सरकलं. मी उभा राहिलो. गिरणीतला आवाज, समाजमंदिर दणाणलं. "ताई, घसरलं तरी चालतंय म्हणल्यावर लोक घसरणारच की! लेकराला गोंजारल्यासारखं करून बिडी सुटती व्हय? नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाय. आमची लिंगायताची जात. गळ्यात लिंग हाय. हातात लिंग घेऊन मठातल्या स्वामींच्या समोर शपथ घ्या, बघू कोण ओढतंय ते!"

आमच्यात लहानपणी गळ्यात लिंग बांधतात ते मरेपर्यंत उतरत नाही. रोज अंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. ते हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी तरी बघितला नव्हता. त्यामुळं माझं बोलणं सगळ्यांना पटलं, टाळ्या पडल्या. आशाताई एवढंच म्हणाली, "मामा, शपथ मोडल्याली माणसं परत येत न्हाईत." मी म्हणालो, "मोडणारं आमच्यात कोण न्हाय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी मला मी लई शहाणा वाटलो.

पुढच्या सोमवारी मठात आम्ही अकरा जणांनी शपथ घेतली. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. मी आधी घेतली, मग त्यांनी. वर्षानुवर्षं जी गोष्ट आम्ही एकमेकांपुढं बोललो नव्हतो ती स्वामींसमोर, विभूती लावून, मोठ्यानं बोललो. "आजपासून बिडी ओढणार नाही." अण्णांचा आवाज कापत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही.

बैठकीला एक धनगर यायचा, मेंढरं राखणारा, माझ्याच वयाचा. शपथेला तो काही केल्या तयार होईना. "तुमचं लिंग तुमच्यापाशी," तो म्हणाला. "मला बिरोबाची आण घालू नका. देवाला मधी घालून मला फशी पडायचं न्हाय. माझं मन कसलं हाय ते मला ठावं हाय." आम्ही पोट धरून हसलो. मी त्याला भित्रा म्हणालो, चारचौघांत म्हणालो.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमची नावं रंगवली. बिडी सोडलेले गावकरी, असं वर लिहून खाली अकरा नावं. पहिलं अण्णांचं, दुसरं माझं. आणि खरंच सांगतो, ते दिवस सोन्याचे होते. तिसऱ्या महिन्यात अण्णा देवळापाशी न थांबता शेतावर गेले. वहिनींनी शेंगांच्या पोळ्या करून सगळ्या गल्लीत वाटल्या. आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणी यायला लागली. मी जायचो, ओरडून ओरडून शपथेचं महत्त्व सांगायचो, शाल-नारळ घेऊन यायचो. एकदा तर उमरग्याला मोठ्या सभेत बोललो. आमच्या बैठकीला येणाऱ्या त्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आशाताई कोपऱ्यात बसून तिची वही भरत होती, तिला कुणी विचारलं नाही.

पाचव्या महिन्यात गिरणीची मोटार जळाली. मुरूमहून वायंडिंगवाला आला. सकाळपासून आम्ही दोघं मोटार उघडून बसलो होतो, हात तेलानं माखलेले, बाहेर बायका डब्यांची रांग लावून माझ्या नावानं खडे फोडत होत्या. दुपारी मोटार एकदाची फिरली. वायंडिंगवाल्यानं समाधानानं दोन बिड्या एकदम पेटवल्या, कारागीर माणसं पेटवतात तशा, आणि एक न बघताच माझ्याकडं केली. मी घेतली. कुठली तलफ नाही, काही नाही. हात पुढं गेला आणि घेतली. दोन झुरके ओढून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

त्या क्षणी मी पळत आशाताईकडं गेलो असतो तर? आज मी हेच घोकत बसतो. पण त्या वेळी मला तिचं घर दिसलंच नाही. मला दिसली ती भिंत, स्वामी, उमरग्याची सभा. आणि सगळ्यांत आधी दिसले अण्णा. मी मोडली हे त्यांना कळलं तर त्यांचीही मोडणार आणि त्यांचा पाय जाणार. म्हणून लपवायचं. अण्णांच्या पायासाठीच लपवायचं, असं मी मनाला सांगितलं आणि मनानंही लगेच ऐकलं, लबाडच ते.

मग सुरू झालं ते हाल कुत्रं खाणार नाही असं जगणं. गिरणीच्या मागं बारदानाची खोली आहे, तिथं जाऊन ओढायची. बोटांना पीठ चोळायचं. कांदा खायचा, कडुलिंबाचा पाला चावायचा. पूर्वी चारचौघांत बसून मजेत ओढत होतो, आता चोरासारखी चार झुरक्यांत संपवायची, त्यामुळं एकीच्या जागी दोन लागायला लागल्या. सकाळी अंघोळ करून लिंग तळहातावर घेतलं की उजव्या हाताच्या बोटांना वास यायचा. साबणानं धुतली तरी यायचा. त्याच बोटांनी विभूती वाहायची. पूजा सोडावी तर घरात बोंब होणार, करावी तर छाती धडधडणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. माझ्या बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "थोरल्या भावजींच्या कानावर जाऊ देऊ नका, एवढं करा." म्हणजे तीही माझ्याच कोठडीत येऊन बसली.

बैठकीला जाणं भाग होतं. मी नाही गेलो तर बैठकच ओस पडली असती. दर मंगळवारी आशाताई विचारायची, "मामा, कसं काय?" मी म्हणायचो, "कडक!" ती वहीत खूण करायची. एकदा ती दळण घेऊन गिरणीत आली, दुसरं कुणी नव्हतं. पीठ भरून झालं तरी निघेना. "मामा, काय सांगायचंय का?" तिनं विचारलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण मी काय म्हणालो? म्हणालो, "सांगायचं काय, त्या धनगराला जरा झाप. चौथ्यांदा ओढली त्यानं."

कारण तो धनगर दर दोन-तीन आठवड्यांनी उभा राहून सांगायचा, "ताई, पडलो पुन्यांदा." मेंढरू हरवलं, ओढली. सासऱ्याशी भांडण झालं, ओढली. सगळे हसायचे, तोही हसायचा. आशाताई हसून नवीन पान काढायची, पुन्हा गोळ्या द्यायची, कधी तलफ येते ते विचारून लिहायची. मी त्याला सगळ्यांसमोर झाडायचो. "लाज वाटती का? तोंड वर करून सांगतोस!" असं मी म्हणायचो, आणि माझ्या खिशात बंडल असायचं. त्याची बिडी सुटली. पाच वेळा पडून सहाव्यांदा सुटली ती आजतागायत. त्या बैठकीनं गावात सात-आठ माणसांची बिडी खरंच सोडवली, आणि त्यातलं भिंतीवर नाव असलेलं एखादंच. मीही पुढं त्याच वहीत नाव घालून सोडली, घसरत घसरत. पण तोवर वेळ निघून गेली होती.

शपथेला वर्ष झालं असेल. गाय व्यायली म्हणून मी भल्या सकाळी गोठ्यात गेलो. चिकाचं भांडं ठेवायला कोनाड्यात हात घातला तर बोटांना बिडीचं थोटूक लागलं. ताजं होतं. गोठा अण्णांचा, एरवी तिथं ते आणि वहिनी सोडून दुसरं कुणी जात नाही.

वाटलं, असंच जावं आणि विचारावं, अण्णा, हे काय? पण कसं विचारू? धाकट्यानं थोरल्याला बिडीचं विचारायचं नसतं, हे एक. लिंगाची शपथ मोडली का, असं विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे त्यांनी उलट विचारलं असतं, तुझं काय? तर मी काय तोंड दाखवणार होतो? मी ते थोटूक मुठीत घेतलं आणि उकिरड्यात नेऊन गाडलं, वहिनींना दिसू नये म्हणून. त्यानंतर मी रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून गोठ्यात जायचो आणि कोनाडा साफ करायचो. कधी दोन असायची, कधी चार. हे मी केलं. माझ्या सख्ख्या भावाचा पाय त्या कोनाड्यात जळत होता आणि मी राख पुसत होतो.

दिवाळीनंतर अण्णांच्या डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली. "ठेच लागली," ते म्हणाले. ठेच पंधरा दिवसांत बरी होते, ही काळी पडत गेली. मग शेजारचं बोटही निळसर दिसायला लागलं. त्यांना रात्रभर झोप लागत नव्हती, पाय खाली सोडून बसायचे. वहिनींनी मला उमरग्याला न्यायला लावलं.

तोच डॉक्टर. त्यानं बोटं बघितली, अण्णांकडं बघितलं. "बिडी बंद आहे ना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, निदान कळलं नाही असं मी धरून चाललो. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मी म्हणालो, "बंद म्हंजे काय साहेब, लिंग हातात घेऊन शपथ घेतलीया आमी दोघांनी. भिंतीवर नावं हाईत." डॉक्टर म्हणाला, "मग बरं. बंद असेल तर गोळ्यांनी आवरेल असं वाटतं. पंधरा दिवस बघू. चालू असती तर आत्ताच सोलापूरला पाठवलं असतं."

मी गोळ्या घेतल्या आणि आम्ही एसटीत बसलो. वहिनी सारख्या म्हणत होत्या, "देवानं ऐकलं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते त्या एसटीत मला कळलं. मारणाराही मीच होतो.

पंधरा दिवसांत दोन्ही बोटं गेली, म्हणजे अंगावर होती पण मेलेली होती. सोलापूरला नेलं. मोठा दवाखाना, एका खोलीत दहा खाटा. दुपारी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. त्यानं सरळ सांगितलं, "आजोबा, नीट ऐका. बिडी पूर्ण बंद असेल तर ही बोटं काढू, जखम भरेल, पाय राहील. बिडी चालू असेल तर जखम भरणार नाही, पुन्हा वर कापावं लागेल. चालू असली तरी सांगा, मी रागावणार नाही. ती सोडवायला आमच्याकडं माणसं आहेत, इथंच सुरू करू. पण खरं सांगा."

हे तर आशाताईचंच बोलणं झालं. सोलापूरपर्यंत येऊन मला तेच ऐकायला मिळालं. मी बोललो.

"ओढत्यात साहेब. वर्स झालं. आन म्या बी ओढतो. त्यांच्या आधीपासनं ओढतो."

पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात अण्णांसमोर मी बिडी ओढतो हे पहिल्यांदा कबूल केलं. वाटलं, आता सुटलो. आता ते मला शिव्या देतील, मारतीलसुद्धा, पण सुटलो.

अण्णा उशीवरून उठून बसले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "ह्याचं ऐकू नका साहेब," ते म्हणाले. "हा काय बी बरळतोय, त्याला रातभर झोप न्हाय. आमच्यात लिंगाची शपथ मोडत न्हाईत. म्या न्हाय ओढत आन हा बी न्हाय ओढत." बोलताना त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं.

डॉक्टरनं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस हाका मारत होता. "मी पेशंट सांगतात ते लिहितो," तो म्हणाला, "पण विचार करा. मी अर्ध्या तासानं येतो." आणि तो गेला.

अण्णांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "परक्या माणसाम्होरं बोलायची काय गरज होती? म्या कदी तुझं कुठं बोललो व्हतो?"

"माझं? तुमाला ठावं व्हतं?"

"मोटार जळाली त्या दिशीच. पाटावर शेजारी जेवायला बसलास, तवाच वास आला. पीठ लावून वास जातो व्हय, येड्या?" ते थोडं हसलेसुद्धा. "म्या तुझ्या वैनीला बी सांगितलं न्हाय. धाकट्याचं थोरल्यानंच झाकावं लागतं. रोज वाटायचं आता ह्याला काय तरी होतंय, लिंगाची आण हाय. चार म्हैनं वाट बघितली. तुला काय झालं न्हाय. मग म्या बी पेटवली."

ज्यांचा पाय वाचावा म्हणून मी लपवत होतो त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि माझं बघूनच त्यांनी ओढली. वर मला झाकत राहिले. मी त्यांची थोटकं गाडत होतो, ते माझा वास पोटात घालत होते. दोघांतल्या एकानं जरी रीत मोडून तोंड उघडलं असतं!

"अण्णा," मी म्हणालो, "त्यो डॉक्टर येतोय आता. खरं सांगा. मी तुमच्या पाया पडतो. गावात कोणाला कळणार न्हाय."

"तुझी वैनी यील आता वर," ते म्हणाले. "तिनं सगळ्या गल्लीत पोळ्या वाटल्यात. तिला काय सांगू? धा वाजता पूजा करतो आन अकरा वाजता बिडी ओढतो, असं सांगू?" मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "तू माझ्याम्होरं बिडीचं बोलतोस? एवढा मोठा झालास व्हय?"

मी खाली मान घातली. पंचावन्न वर्षांचा बाप्या मी, दहा खाटांच्या खोलीत माझी मान आपोआप खाली गेली.

अर्ध्या तासानं डॉक्टर आला तेव्हा वहिनी खाटेशी बसून अण्णांना मोसंबी सोलून देत होत्या. त्यानं पुन्हा विचारलं. अण्णा म्हणाले, "न्हाय." वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "सोडून दोन वर्सं व्हत आली की साहेब. ह्या भाऊजींच्या पुण्याईनं." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मी पायातल्या चपलांकडं बघत राहिलो. त्यानं कागदावर व्यसन म्हणून जे रिकामं होतं तिथं 'नाही' लिहिलं आणि संमतीसाठी कागद माझ्यापुढं धरला. मी सही केली.

बोटं काढली. जखम भरली नाही. पंजा आणि त्यावरचा पाय पुढच्या आठ महिन्यांत गेला, आणि ते आठ महिने अण्णा गोठ्यात ओढत होते, मी गिरणीमागं ओढत होतो, आणि संध्याकाळी शेजारी शेजारी बसून जेवत होतो.